बाळ फिरते का, एवढे विचारून पुरत नाही

गरोदरपणाच्या तपासणीत वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिनची नोंद झाली की शेवटी एक प्रश्न विचारला जातो, "बाळ फिरतंय ना?" आणि त्याला जवळजवळ नेहमीच "हो" असे उत्तर येते. बाहेर रांग असते, दाराशी सासूबाई वाट पाहत असतात, आणि "ना" लावून विचारलेल्या प्रश्नाला नकार द्यायला फार थोड्या बायका धजावतात. माता व बाल सुरक्षा कार्डावर बाळाच्या हालचालीसाठी स्वतंत्र रकाना आहे आणि हालचाल नेहमीसारखी आहे, कमी झाली आहे की थांबली आहे, हे त्यात लिहायचे असते. ऊसपट्ट्यातील एका ग्रामीण रुग्णालयात परिचारिका म्हणून माझ्या नोकरीचा बराच काळ गेला, आणि त्या काळात माझे असे ठाम मत झाले की या रकान्यात खरे उत्तर यायचे असेल तर प्रश्न निराळा विचारला पाहिजे. तुमचे बाळ दिवसाच्या कोणत्या वेळी जास्त फिरते, काल ते तसेच फिरले का, आणि आज काही फरक वाटतो का? एवढे विचारले की बाई क्षणभर थांबते, आठवते, आणि मग जे सांगते ते ऐकण्यासारखे असते.

हे सविस्तर लिहावेसे वाटले ते माझ्या भाचीमुळे. ती पुण्यात नोकरी करते, पहिलटकरीण आहे, आणि तिने मोबाईलमध्ये लाथा मोजण्याचे एक ॲप घेतले आहे. दहाचा आकडा भरला की ॲप शाबासकी देते, नाही भरला की तिचा फोन येतो, "मावशी, आज दहा झालेच नाहीत." मोजण्याची तिची कळकळ मला मोलाची वाटते, पण दहा हा आकडा कुठून आला आणि तो काय सांगतो व काय सांगत नाही, हे तिला कोणीही समजावलेले नव्हते.

आधी हालचालीविषयी. सोनोग्राफीत गर्भाची हालचाल सातव्या-आठव्या आठवड्यापासून दिसते, पण आईला ती जाणवायला बराच अवधी लागतो. पहिल्या खेपेला बहुधा १८ ते २० आठवडे होतात, तर आधी बाळंतपण झालेल्या बाईला ती दोन-एक आठवडे अगोदर ओळखता येते. वार (प्लॅसेंटा) गर्भाशयाच्या पुढच्या बाजूला असेल तर २८ आठवड्यांपर्यंत हालचाल पुसट लागू शकते. सुरुवातीला नुसती फडफड असते, मग ढुशा आणि लाथा येतात, आणि शेवटच्या दोन महिन्यांत बाळ अंग वळवते तेव्हा पोटाचा एक भाग हळूच वर येऊन सरकतो. लाथ, ढुशी, वळणे, सरकणे हे सारे हालचालीत धरावे. ठरावीक ठेक्यात बराच वेळ चालणारी उचकी मात्र धरू नये. ३२ आठवड्यांपर्यंत हालचाल वाढत जाते आणि त्यानंतर ती साधारण त्याच पातळीवर टिकते. पूर्ण दिवसांच्या बाळाची सोनोग्राफीत पाहिलेली हालचाल तासाला सरासरी ३१ भरते, पण निरोगी बाळांमध्येही ती १६ पासून ४५ पर्यंत आढळते. आणि आईला त्यातील सगळी जाणवते असेही नाही. बाळ झोपतेही. ही झोप सहसा २० ते ४० मिनिटांची असते आणि निरोगी बाळाची क्वचितच ९० मिनिटांपलीकडे जाते. दुपारनंतर आणि संध्याकाळी हालचाल जास्त असते, हे बहुतेक आयांना आपसूक ठाऊक होते.

हालचालीवरून प्रकृतीचा अंदाज का बांधता येतो, याचे कारण बाळाच्या रक्तपुरवठ्यात आहे. वारेतून येणारा प्राणवायू कमी पडू लागला की बाळाचे शरीर आहे तेवढ्यात काटकसर करते. मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी यांच्याकडे रक्त वळवले जाते, आणि हातपाय, आतडी, मूत्रपिंडे यांच्या वाट्याला कमी येते. मूत्रपिंडांना रक्त कमी मिळाले की लघवी कमी तयार होते आणि गर्भजल घटते. म्हणूनच सोनोग्राफीच्या अहवालातील "पाणी कमी आहे" हे शब्द आणि आईचे "बाळ शांत वाटतंय" हे शब्द पुष्कळदा एकाच दुखण्याची दोन टोके असतात. हातपाय हलवायला प्राणवायू खर्च होतो, तो खर्च बाळ टाळते. हृदय मात्र शेवटपर्यंत चालू राहते. हा भाग मी विशेष आग्रहाने सांगते, कारण "ठोके लागतायत, काळजीचं काही नाही" या वाक्यावर विसंबून पुष्कळ वेळ वाया जातो. ठोके लागणे म्हणजे बाळ जिवंत असणे. ते सुखरूप आहे की नाही, हे नुसत्या ठोक्यांवरून कळत नाही.

ही गोष्ट जेरुसलेममधील प्रसूतितज्ज्ञ सॅडोव्हस्की यांनी १९७३ च्या सुमारास नेमकेपणाने मांडली. आयांकडून रोज हालचालींची नोंद ठेवून घेतल्यावर, संकटातील काही बाळांच्या बाबतीत ठोके ऐकू येत असतानाही हालचाल आधी बारा तास किंवा त्याहून अधिक काळ थांबते आणि मृत्यू त्यानंतर येतो, असे त्यांना दिसले. त्या मधल्या अवधीत प्रसूती केली तर बाळ वाचू शकते, हा त्यांच्या कामाचा अर्थ होता. पुढे १९७६ मध्ये वेल्समधील कार्डिफ येथे पिअर्सन आणि वीव्हर यांनी मोजणीची सोपी रीत दिली: सकाळी नऊपासून मोजायला लागावे, दहा हालचाली भरल्या की थांबावे, आणि बारा तासांत दहा न भरल्यास कळवावे. आमच्याकडे परिचारिकांना शिकवली जाणारी सकाळ, दुपार, संध्याकाळ एकेक तास मोजण्याची पद्धत याच कुळातील आहे.

आता तो दहाचा आकडा. कार्डिफमध्ये निरोगी गरोदर बायकांच्या नोंदी मांडल्या तेव्हा बारा तासांत दहा ही अगदी तळाची मर्यादा निघाली, म्हणजे जवळजवळ सगळ्या निरोगी बाळांची हालचाल त्याच्या वरच होती. तळाची मर्यादा म्हणून ती योग्यच आहे. पण घराघरांत ती उत्तीर्ण होण्याची रेषा होऊन बसली. समजा एखादे बाळ रोज संध्याकाळी पोट डोलेल इतके फिरते आणि एके दिवशी ते कसेबसे बारा-पंधरा वेळा हलते. आकड्याच्या हिशेबाने ते उत्तीर्ण आहे, आणि त्याच्या आईच्या मनात मात्र सकाळपासून काहीतरी खुपते आहे. अशा वेळी मी आकड्यावर नाही, आईवर विश्वास ठेवीन. उलट एखादे बाळ मुळातच शांत असते आणि दहा व्हायला रोजच वेळ घेते. त्याच्या आईला रोज घाबरवण्यात काही अर्थ नसतो. भाचीला मी हेच सांगितले की तू मोजतेस ते चांगले आहे, पण मोजायचे ते तुझ्या बाळाची रीत ओळखण्यासाठी, आणि ती रीत एकदा कळली की तिच्यात पडलेला फरक हीच धोक्याची खूण.

मोजणीने बाळे वाचतात का, याचा शोध मोठ्या प्रमाणावर घेतला गेला आहे, आणि त्याचे उत्तर हवे तितके सरळ आलेले नाही. १९८९ मध्ये ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ६८ हजार बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला रोज पद्धतशीर मोजायला सांगितले होते, दुसऱ्या गटाला नेहमीची काळजी दिली होती, आणि दोन्ही गटांत पोटातच दगावलेल्या बाळांचे प्रमाण सारखेच निघाले. या अभ्यासाचा हवाला देऊन "मोजण्याचा उपयोग नाही" असे म्हणणारे त्यातील दुसरे वाक्य पुष्कळदा सोडून देतात: मोजणी होत असूनही त्या बाळांपैकी बहुतेक बाळे आई वैद्यकीय मदतीपर्यंत पोहोचली तेव्हा आधीच गेलेली होती. मोजणे आणि पोहोचणे यांच्यामध्ये जो वेळ गेला, तो मला आकडेवारीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. त्यानंतर ब्रिटन आणि आयर्लंडमधील ३३ रुग्णालयांत चार लाखांहून अधिक गर्भारपणांचा ॲफर्म नावाचा अभ्यास झाला आणि तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. हालचालीबद्दल आयांना जागरूक करणे आणि कमी हालचालीची तक्रार आल्यावर ठरलेल्या रीतीने तपासणी करणे, असा तो कार्यक्रम होता. मृत जन्मांचे प्रमाण हजारी ४.४० वरून ४.०६ वर आले, पण हा फरक कार्यक्रमामुळेच पडला असे ठामपणे म्हणता येईल एवढा तो मोठा नव्हता, आणि कळा आणण्याचे व सिझेरियनचे प्रमाण मात्र वाढले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ मध्ये सरसकट रोजच्या मोजणीची शिफारस केलेली नाही; प्रत्येक तपासणीच्या वेळी आईला हालचालीविषयी विचारावे, हे मात्र तिने चांगल्या सेवेचा भाग मानले आहे.

म्हणजे हे साधन अपुरे आहे. वार अचानक सुटली किंवा नाळेला एकाएकी दाब आला तर हालचाल आधी सूचना देईलच असे नाही. पण ज्या बाळांचे पोषण आणि प्राणवायू हळूहळू कमी होत जातो, ज्यांची वाढ खुंटलेली असते आणि तपासणीत ती लक्षात आलेली नसते, त्यांच्यासाठी आईच्या हाताखाली जाणवणारा फरक हीच बरेचदा पहिली खूण असते. मृत बाळाला जन्म दिलेल्या आयांपैकी निम्म्याहून अधिक जणींना आधी हालचाल कमी झाल्याचे जाणवले होते, असे ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेत नमूद आहे. त्याच मार्गदर्शिकेत असेही आहे की एकदाच हालचाल कमी झाल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या सुमारे ७० टक्के जणींचे ते गर्भारपण निर्वेध पार पडते. ही दोन वाक्ये एकत्र वाचावीत. तपासायला जाण्याचे कारण पहिल्यात आहे, आणि घाबरून न जाता जाण्याचे दुसऱ्यात.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२० सालच्या अहवालानुसार २०१९ मध्ये भारतात सुमारे ३ लाख ४० हजार बाळे गर्भारपणाचे २८ आठवडे उलटल्यानंतर मृत जन्मली. २०१४ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय नवजात कृती आराखड्यात हे प्रमाण २०३० पर्यंत हजारी दहाच्या खाली आणण्याचे ध्येय आहे. या बाळांची नावे ठेवली जात नाहीत, त्यांचे फोटो कोणी काढत नाही, आणि घरात त्यांच्याविषयी पुन्हा बोलले जात नाही. पण वॉर्डात त्या आयांच्या शेजारी बसलेल्या माणसाला ते विसरता येत नाही.

आमच्या रुग्णालयात हंगामात बीड आणि धाराशिवकडच्या ऊसतोडणी करणाऱ्या बायका येत. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि कामाला दांडी झाली की खाड्याची कपात. पहाटे अंधारात फडावर जायचे, दिवसभर वाकून तोडायचे, मोळ्या बांधून डोक्यावरून वाहायच्या, आणि कोपीवर परतून पुन्हा चूल पेटवायची. आई चालती-फिरती असते आणि तिचे लक्ष हातातल्या कोयत्यावर असते तेव्हा बाळाची हालचाल नीट जाणवत नाही. ती सर्वांत चांगली कळते आडवे पडल्यावर, आणि या बायका आडव्या पडत तेव्हा थकव्याने त्यांचा लगेच डोळा लागे. "कधीपासून फिरत नाही?" असे विचारल्यावर त्यांच्यातील एखादी म्हणे, "ध्यानातच नाही आलं, बाई." तिला अडाणी ठरवणाऱ्यांचा मला राग येई. हालचाल ओळखायला शिक्षण लागत नाही, ॲपही लागत नाही; रोज संध्याकाळी अर्धा-पाऊण तास डाव्या कुशीवर पडून पोटावर हात ठेवण्याची मोकळीक लागते, आणि नेमकी तीच त्या बाईला कोणी देत नाही. गावाकडच्या आशाताईंनी कितीही चांगले समजावले असले, तरी फडावर ती मोकळीक मुकादमाने, नवऱ्याने आणि कारखान्याच्या व्यवस्थेने द्यायची असते. शहरातल्या सुनेची गोष्ट फार वेगळी नाही. आठ तास संगणकासमोर, दोन तास रस्त्यावर आणि उरलेला वेळ ओट्यापाशी, यात बाळ कधी फिरले हे तिला तरी कसे आठवावे?

घरातील समजुतींविषयीही बोलले पाहिजे, कारण सर्वांत जास्त वेळ तिथे जातो. "शेवटच्या महिन्यात बाळाला जागा पुरत नाही, म्हणून ते कमी हलतं," हे वाक्य मी आज्यांकडून ऐकले आहे, आणि दुर्दैवाने काही शिकलेल्या माणसांकडूनही. जागा कमी होते हे खरे. त्यामुळे लाथांची जागा वळण्या-सरकण्याने घेतली जाते, पण हालचाल कमी होत नाही. कळा सुरू होईपर्यंत आणि कळांच्या काळातही निरोगी बाळ हलत असते. जास्त फिरते म्हणून मुलगा, शांत आहे म्हणून मुलगी, या बोलण्याला कसलाही आधार नाही. त्यातून शांत बाळाकडे दुर्लक्ष होते हा त्याचा खरा तोटा. थंड पाणी प्यायला देणे, गोड खाऊ घालणे, पोट हलवून बाळाला जागे करणे असे उपाय करून एक-दोन हालचाली झाल्या की सगळे निर्धास्त होतात. जेवायला उशीर झाला असेल तर बाईने जरूर जेवावे, पण त्यानंतर बाळ एकदा हलले म्हणजे फरक भरून निघाला असे समजू नये. ठोके ऐकण्याची छोटी यंत्रे आता घरी विकत मिळतात. कृपा करून त्यांच्यावर विसंबू नका. अननुभवी कानाला आईच्याच रक्तवाहिनीचा किंवा वारेतील रक्तप्रवाहाचा आवाज बाळाचा वाटू शकतो, आणि तो बाळाचा असला तरी मघाशी सांगितले तेच खरे आहे.

झोपेच्या गोळ्या आणि काही वेदनाशामके यांनी हालचाल मंदावते, आणि बाळाची फुप्फुसे पक्की व्हावीत म्हणून दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांनंतर काही जणींना एक-दोन दिवस ती कमी वाटते. अशी कारणे माहीत असली तरी ती कारणे आहेत हे डॉक्टरांनी ठरवावे, आपण नाही.

फरक वाटला तर काय करावे? २८ आठवडे पूर्ण झाले असतील आणि नुसती शंका असेल, म्हणजे कामाच्या गडबडीत लक्ष गेले नसेल, तर डाव्या कुशीवर शांत पडून फक्त बाळाकडे लक्ष द्यावे. दोन तासांत वेगवेगळ्या दहा हालचाली जाणवल्या नाहीत तर निघावे. शंका नसून खात्रीच असेल, हालचाल थांबलीच असेल, किंवा रक्तदाब, मधुमेह, वाढ कमी असणे, आधीचे बाळ गेलेले असणे यांपैकी काही असेल, तर तेवढेही थांबू नये. "सकाळी बघू" असे म्हणू नये. रात्री दोन वाजताही प्रसूतिगृह उघडे असते, आणि वाहन नसेल तर १०८ किंवा १०२ ला फोन करावा. २८ आठवड्यांच्या आतली तक्रारही त्याच दिवशी सांगावी, आणि २४ आठवडे उलटूनही हालचाल कधीच जाणवली नसेल तर डॉक्टरांना दाखवावे.

रुग्णालयात आधी ठोके ऐकतात, मग पोटाला दोन पट्टे लावून साधारण वीस मिनिटे आलेख काढतात. बाळ हलले की त्याच्या ठोक्यांची गती थोडा वेळ वाढते, धावल्यावर आपली वाढते तशी. मिनिटाला १५ ठोक्यांनी आणि १५ सेकंद टिकणारी अशी वाढ वीस मिनिटांत दोनदा दिसली तर आलेख समाधानकारक मानतात. दिसली नाही तर बाळ झोपलेले असू शकते, म्हणून वेळ वाढवतात. त्यापुढे सोनोग्राफीत बाळाची वाढ, गर्भजल, हातपायांची हालचाल व ताठरपणा आणि श्वासासारखी छातीची हालचाल पाहतात, आणि गरज वाटल्यास डॉप्लरने नाळेतील रक्तप्रवाह तपासतात. केवळ ठोके ऐकून परत पाठवले जात असेल तर "पट्टे लावून बघाल का?" असे नम्रपणे पण स्पष्ट विचारण्याचा प्रत्येक आईला हक्क आहे.

एका रात्री हालचाल कमी वाटली तेव्हा भाची तपासायला रुग्णालयात गेली. आलेख चांगला निघाला, वाढ आणि पाणी ठीक होते, आणि तिथल्या परिचारिकेने "पुन्हा असं वाटलं तर पुन्हा या" असे सांगून तिला घरी पाठवले. मी तिला एवढेच जोडून सांगितले की आलेखाची पट्टी आणि सोनोग्राफीचा कागद कार्डाला जोडून ठेव, आणि परत जावे लागले तर आत शिरताच पहिले वाक्य हे सांग: हालचाल कमी झाल्याची ही माझी दुसरी वेळ आहे. दुसऱ्यांदा आलेल्या तक्रारीची तपासणी पहिल्यापेक्षा कसून करायची असते, आणि ती दुसरी आहे हे समोरच्या डॉक्टरांना कागद पाहिल्याशिवाय कळत नाही.